टिपाडाजवळचं अंथरूण

माझा आवाज मोठा आहे, हे मला कुणी सांगायला नको. आम्ही अर्धापूरचे. वडील केळीच्या गाड्या भरायचे. गाडीवरचा खाली ओरडणार, खालचा वर ओरडणार, आणि घरी आल्यावरही तोच सूर. तेव्हा डॉक्टर बिरादारांनी आमच्या आयसीयूत शांतता आणायचं ठरवलं आणि ते काम इन्चार्ज सिस्टर म्हणून माझ्या गळ्यात घातलं, तेव्हा सगळा स्टाफ मास्कच्या आड हसला. "हसा," मी म्हटलं, "पण हळू हसा."

ते साल सोळाचं. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि आमच्या नांदेडला विष्णुपुरीचा तळ उघडा पडला होता. दवाखान्याचा टँकर रिकामा करताना पंपाची जी घरघर व्हायची, ती थेट आयसीयूच्या भिंतीतून यायची. पहिल्यांदा तो टँकर मी मागच्या बाजूला न्यायला लावला. मग ट्रॉल्यांच्या चाकांना तेल, स्टुलांच्या पायांना रबर, स्टीलच्या ट्रेखाली कापड. अलार्म बंद करायचे नाहीत, पण पेशंट बघून त्यांचा आवाज ठरवायचा आणि वाजला की हातातलं टाकून उठायचं. दुपारी जेवणानंतर आणि रात्री दिवे मंद, बोलणं कुजबुजीत. डॉक्टर म्हणायचे, "माणूस आजारानं खचतो तेवढाच जागरणानं खचतो, सिस्टर. झोप न मिळालेला पेशंट आधी बडबडतो आणि मग नळ्या उपटतो." ते मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं, म्हणून वाद घातला नाही.

वाद बाहेरच्यांशी घातला. जयंतीची मिरवणूक दवाखान्यावरून निघाली तेव्हा युनिफॉर्मवरच रस्त्यात जाऊन उभी राहिले. डीजेच्या गाडीवर आमच्याच वस्तीतली पोरं. "जयभीम, पोरांनो," मी म्हटलं, "बाबासाहेब रात्र रात्र शांतपणे अभ्यास करायचे ना? मग आजाऱ्याच्या छातीवर हे काय बडवताय?" पोरं लाजली आणि कोपऱ्यापर्यंत गाडी मुक्यानं नेली. घरच्यांना गप्प करणं त्या मानानं सोपं होतं. अवघड होते व्हरांड्यातले नातेवाईक. त्या उन्हाळ्यात नवा जिल्हा होणार अशी हूल उठली होती. उदगीर होणार की आणखी कुठलं, जळकोट कुणात जाणार, कलेक्टर कुठं बसणार, यावर आयसीयूच्या दाराशी अशी भांडणं जुंपायची की आत पेशंटची नाडी वाढायची. शेतात काम नाही, प्यायला पाणी नाही, पण जिल्हा कुठं व्हावा यावर प्रत्येक गड्याचं मत तयार.

सिंधू आली ती अशाच एका दुपारी, उदगीरहून अँब्युलन्समध्ये, नळीतून हवा दाबत दाबत आणलेली. जळकोटकडच्या एका गावातली, तिशीच्या आतबाहेरची. रात्री जमिनीवर झोपलेली असताना मण्यार चावली होती. मण्यारीचं चावणं कळतही नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, मग पापण्या मिटतात, मग जीभ जड होते आणि शेवटी श्वास थांबतो. सिंधूला घरच्यांनी आधी मारुतीच्या देवळात नेलं होतं. लिंबाचा पाला चारला, हलगी वाजवली, गालावर चापट्या मारल्या, कारण साप चावलेल्याला झोपू द्यायचं नाही ही तिकडची रीत. झोपला की मेला. त्यात अर्धा दिवस गेला. उदगीरला लस मिळाली आणि श्वासाची नळी पडली, म्हणून ती आमच्यापर्यंत पोचली तरी.

तिच्याबरोबर तिघं होती. नवरा, नाव श्रीमंत, चांगला उंचापुरा, पण कुठलाही प्रश्न विचारला की आईकडं बघणारा. सासू धुरपताबाई, सुकलेली, ताठ, डोक्यावरचा पदर कधी न ढळणारी. आणि सिंधूची आई भामाबाई. या भामाबाईनं पहिल्याच दिवशी माझी शांतता मोडून टाकली. आयसीयूच्या काचेच्या दाराला ती पाण्याच्या पेल्यानं ठोकायची, टणटण टणटण, आणि हाका मारायची, "सिंधे! झोपू नको गं! जागी ऱ्हा!"

मी बाहेर गेले ती तणतणतच. "मावशी, हे देऊळ नाही. आत माणसं मरणाशी झुंजताहेत."

"माझी बी लेकच झुंजून राहिली की," ती म्हणाली. "तुम्ही तर तिला झोपवून टाकलंय. दिवे बारीक केले, डोळ्यावर पट्ट्या ठेवल्या. माझा भाऊ असाच गेला, बाई. सापाचं पान लागलं, सगळे दमले, म्हनले जराशीक डोळा लागू द्या. तो डोळा पुन्हा उघडलाच न्हाई."

मला तिचा राग येत होता, आणि ती रडत नव्हती याचं वाईटही वाटत होतं. मी तिला आत आणलं. सिंधूच्या डोळ्यांवरची ओली पट्टी काढली, बोटानं पापणी वर केली. आतला डोळा हळूच आईकडं वळला.

"बघा. ही झोपलेली नाही. विषानं पापण्या पडल्यात, हातपाय पडलेत, पण आत ती पूर्ण जागी आहे. तुम्ही बोलता ते सगळं तिला ऐकू येतं. विष उतरेल, हळूहळू सगळं परत येईल. पण त्यासाठी तिला खरी झोप पाहिजे. तुम्ही पेला वाजवता ना, तो तिच्या डोक्यात घणासारखा बसतो."

भामाबाई लेकीच्या डोळ्याकडं वाकली. "मेलेला मानूसबी झोपल्यावानीच दिसतो, बाई," ती म्हणाली. "मला कसं कळावं?" पण पेला तिनं पिशवीत ठेवला. दारातून मात्र हलली नाही. काचेला नाक लावून बसून राहायची आणि लेकीची छाती वरखाली होते का बघायची.

पुढच्या दोन-तीन दिवसांत सिंधूच्या उजव्या हाताचं बोट हलायला लागलं. तेवढ्यावर आम्ही बोलायला लागलो. एकदा दाबलं की हो, दोनदा दाबलं की नाही. दुखतंय का? नाही. तहान लागलीय का? हो. मॉनिटरवरचे आकडे सुधारत होते, दुपारच्या शांत वेळेत तिची नाडी खाली उतरायची, आणि डॉक्टर बिरादार खुशीत होते. मीही खुशीत होते. अशी खुशी अंगावर येते हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कळायला हवं होतं.

त्या दुपारी श्रीमंत आणि धुरपताबाई भेटायला आत आले. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची मी कूस बदलत होते, मध्ये पडदा. आयसीयूत इतकी शांतता होती की सलाईनचं चाक फिरवलेलं ऐकू यावं. दोघं कुजबुजत होती. पूर्वीच्या गोंगाटात मला त्यातलं काही ऐकू आलं नसतं. सिंधूलाही नसतं.

"शिवू रडली म्हनं रात्री," श्रीमंत म्हणाला. शिवू म्हणजे शिवकन्या, त्यांची मुलगी, दुसरीत जाणारी.

"रडूंदे. सवय हुईल."

"पर आई, पान्याच्या टिपाडापाशी लेकराला झोपवायचं... तिथंच हिला चावला ना?"

"मग कोन झोपंल? तू झोपतोस का? धाकटी सून माहेरी गेलीया. टँकर आठ-आठ दिवस येत न्हाई. परवा किशनरावाच्या घरचं टिपाड रातोरात रिकामं केलं लोकांनी, कुलूप तोडून. पानी गेलं तर काय पिनार?"

"साप गावला न्हाई अजून."

"न्हाई गावला. गारव्याला येतो तो, टिपाडाखाली वल असती. कात बी तिथंच पडली व्हती, ही चावायच्या आधी. मी उचलून उकिरड्यावर टाकली. सांगितलं असतं तर ही झोपली असती का तिथं?"



माझे हात म्हाताऱ्याच्या पाठीवर तसेच राहिले. पडद्याच्या फटीतून मला सिंधूचा मॉनिटर दिसत होता. आकडा चढत होता. नव्वद, शंभर, एकशेवीस. आवाज आम्हीच कमी करून ठेवलेला, त्यामुळे अलार्म कुणी मागच्या खोलीत पिपाणी वाजवावी तसा वाजायला लागला. धुरपताबाईनं मॉनिटरकडं बघितलं आणि मग सुनेच्या मिटलेल्या तोंडाकडं.

"काय झालं हिला, सिस्टर?" मी पडदा सारून आले तेव्हा तिनं विचारलं. आणि माझ्या डोळ्यांत बघत हळूच म्हणाली, "हिला आईकू येतं का हो?"

खरं सांगितलं तर सिंधूला काय माहीत आहे हे त्या बाईला कळणार होतं, आणि सिंधूला जायचं होतं त्याच घरात. मी सरळ खोटं बोलले. "नाही. औषधाच्या गुंगीत आहे. ताप चढत असेल, तुम्ही बाहेर बसा."

ती दोघं गेल्यावर मी सिंधूच्या हातात माझा हात दिला आणि तिच्या कानाशी वाकले. "सिंधू, मी ऐकलं. तूही ऐकलंस का?" एकदा दाबलं. इतकं जोरात की त्या बोटात एवढी ताकद आली कुठून असं वाटलं. "शिवूचं?" एकदा. मग परत एकदा, मग परत, थांबेचना. पट्टीखालून पाणी तिच्या कानात उतरत होतं. मला त्या क्षणी धुरपताबाईला फरफटत आणून हे दाखवावंसं वाटलं.

मी बाहेर गेले आणि श्रीमंतला एकटा गाठला. तो पाण्याच्या नळाशी उभा होता. नळाला पाणी नव्हतं. "पोरीला तिथं झोपवू नका," मी म्हटलं. "आजपासून. आत्ता फोन करा घरी."

तो दचकला. मग नेहमीसारखं म्हणाला, "आईला इचारा."

आईला विचारायची गरज पडली नाही, ती मागं येऊन उभीच होती. "सिस्टर," ती म्हणाली, आवाज जराही न चढवता, "तुमच्या घरी नळ हाय ना?"

"आहे. चार-पाच दिवसाला येतो."

"येतो ना? मग तुम्हाला न्हाई कळायचं. मी सून म्हनून आले तवाचं ते काम हाय आमच्यात. ल्हान सून टिपाडापाशी झोपनार. मी झोपले बारा-पंधरा साल. मला काय झालं? ज्याचं त्याचं नशीब. तुम्ही दवाखाना बघा, घर आम्ही बघतो. आन लई व्हायला लागलं तर पेशंटला घेऊन जातो लातूरला. सही करून नेता येतं म्हनं."

नेता येतं. नळी लावलेला पेशंट सही करून अँब्युलन्समध्ये घालून नेलेला मी पाहिलेला आहे, आणि तो कुठवर पोचला तेही. मी गप्प बसले. माझ्यासारखी बाई गप्प बसली म्हणजे किती अडकली असेल ते समजा. गावातल्या कुणाला फोन करावा तर नंबर कुणाचा माहीत नाही, आणि मी कोण त्यांच्या घरात बोलणारी?

उरली भामाबाई. ती दारात बसलेली होती, काचेला नाक लावून. मी तिच्या शेजारी फरशीवर बसले आणि तिला सगळं सांगितलं. कातीचं मात्र सांगितलं नाही. तेवढं सांगितलं असतं तर तिनं तिथंच विहिणीचा गळा धरला असता, आणि पेशंट लातूरच्या रस्त्याला लागला असता.

"नातीला घेऊन या, मावशी. उदगीरची एसटी अजून मिळेल. आज रात्री ती तिथं झोपायला नको."

भामाबाई उठली, पदर खोचला, आणि परत खाली बसली. "आन हिचं? मी गेले आन ही झोपली तर?"

"मावशी, मी सांगितलं ना..."

"तुम्ही सांगितलं, बाई. तुमचं खरं असंल. पर माझा जीव मानत न्हाई. मी हितं बसून तिला धरून ठेवलंय असं वाटतं मला. मी उठले की ती सुटंल."

एकीकडं लेक, एकीकडं नात. तिच्या चेहऱ्याकडं बघवत नव्हतं. आयसीयूत झोपेची मोहीम चालवणाऱ्या मी मग तिला वचन दिलं. "तुम्ही या पोरीला घेऊन. तोवर मी तिला झोपू देत नाही. माझ्या हातानं जागी ठेवते."

"शपथ?"

"शपथ."

तिनं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि पिशवी उचलून जिन्यानं जवळजवळ पळतच गेली.

सिंधूला जागी ठेवायची वेळ माझ्यावर आलीच नाही. ती झोपणारच नव्हती. मी तिला सांगितलं, "आई गेली आहे शिवूला आणायला," तेव्हा तिनं एकदा दाबलं, पण आकडा खाली आला नाही. दिवे मंद केले तरी नाही, कानात कापूस घातला तरी नाही. सगळ्या खोलीत शांतता आणि त्या शांततेत तिची नाडी धावत होती. सकाळी डॉक्टर आले तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते, श्वासाचं मशीन आणि ती एकमेकांशी भांडत होती. दोन दिवसांत कमावलेलं एका रात्रीत गेलं होतं. असंच चाललं तर छातीत जंतू होतील, नळी आणखी लांबेल, आणि मग काहीही होऊ शकतं, हे मला कळत होतं.

"झोपेचं इंजेक्शन देऊ," डॉक्टर म्हणाले.

मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ते जळकोटच्या शेजारच्या भागातलेच. त्यांनी चष्मा काढला, पुसला. "आमच्याकडं माझी आत्या झोपायची हौदापाशी," ते म्हणाले. "तेव्हा आम्हाला त्यात काही वाटलं नाही." मग चष्मा परत लावत, "संध्याकाळपर्यंत वाट बघतो. त्याच्यापुढं मी थांबू शकणार नाही."

भामाबाईचा फोन लागत नव्हता. मी दर वेळी वळून दाराकडं बघायचे आणि तिथं धुरपताबाई बसलेली असायची, डोक्यावर पदर, मांडीवर हात. विहीण कुठं गेली हे तिनं विचारलं नाही. श्रीमंतच्या फोनवर तिचं घरी बोलणं झालेलं मी पाहिलं होतं. तिचं ते न विचारणं मला आवडलं नाही.

दुपार टळल्यावर व्हरांड्यात एसटीतून उतरलेल्या माणसांच्या अंगाला असतो तसा धुळीचा वास आला, आणि वळून बघते तर भामाबाई. तिच्या हाताला धरलेली पोर. केस पिंजारलेले, पायात दोन वेगवेगळ्या चपला, डोळे मोठे. शिवू. मला इतकं हायसं वाटलं की मी तिला कडेवरच घेतलं, आणि लहान मुलांना आत नेत नाहीत हा माझाच नियम खुंटीला टांगून तिला थेट खाटेपाशी नेलं.

पोर आईकडं बघून घाबरली. नळ्या, पट्टी, सुजलेलं तोंड. "ही माझी माय न्हाई," ती म्हणाली.

"तीच आहे. बोल तिच्याशी. तिला ऐकू येतं."

"काय बोलू?"

"काहीही. घरी झोपताना काय करतेस?"

"पाढे म्हनते. माय म्हनायला लावती."

"मग म्हण. मोठ्यानं."

त्या शांत खोलीत शिवूनं पाढे सुरू केले. शाळेत म्हणतात तसे, हेल काढून, खणखणीत. बे एके बे, बे दुणे चार. शेजारचा म्हातारा जागा झाला. दोन नर्सेस दाराशी येऊन उभ्या राहिल्या. मी सिंधूची पापणी वर करून धरली. तिची बाहुली पोरीवर गेली आणि तिथंच थांबली. तिच्या बोटानं माझा तळवा एकदा दाबला. तीनचा पाढा झाला, चारचा चुकला, शिवू परत मागं गेली. मॉनिटरवर आकडा उतरत होता. शंभरच्या खाली आला, ऐंशीच्या खाली आला. माझ्या हातातलं बोट सैल पडलं.

भामाबाईनं ते पाहिलं आणि तिचा हात लेकीच्या गालाकडं गेला, चापट मारायला. अर्ध्यावर थांबला. "बाई," ती मला म्हणाली, "झोपू देऊ?"

"द्या, मावशी."

तिनं हात मागं घेतला आणि पदर तोंडात कोंबून पहिल्यांदा रडली. पोर पाढे म्हणतच होती, तिला कुणी थांबवलं नाही. डॉक्टर बिरादार येऊन बघून गेले. इंजेक्शनचं नाव कुणी काढलं नाही. अशी झोप मी आयसीयूत फार थोड्या वेळा पाहिली आहे. तोंडावरचा सगळा ताण उतरलेला, अंगणात झोपलेल्या माणसासारखी.

मी शिवूला बाहेर नेऊन बाकावर बसवलं, कॅन्टीनमधून दूध आणि बिस्किटं आणली. ती बिस्कीट बुडवायची आणि ते तुटून पडायच्या आत तोंडात घालायची. मी तिच्या केसातली काडी काढली. "काल रात्री कुठं झोपलीस गं?"

"भामाआजीपाशी. ओट्यावर."

"भीती वाटली?"

"न्हाई. तिथं साप न्हाई. साप टिपाडापाशी हाय. मी दोन डाव बघितला. धुरपताआजीला फोनवर सांगितलं तर ती म्हनली, कुणाला सांगू नको, शपथ घातली." तिनं घाबरून माझ्याकडं बघितलं. "मी सांगितलं का आता?"

"मला सांगितलेलं चालतं." मी हळूच विचारलं, "मग आता टिपाडापाशी कोण झोपतं?"

"नवी काकी. ती काल आली माहेराहून. आजोबांनी तिचं अंथरून टाकलं तिथं."

"काकीला माहीत आहे का, साप आहे ते?"

शिवूनं मान हलवली. नाही. तिला कोण सांगणार होतं? शपथ होती.

मी भामाबाईकडं बघितलं. ती दारापाशी बसली होती. तिनं डोळे खाली घातले. "माझं लेकरू मी आनलं, बाई," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या घरात मी काय बोलू?" मी तिला काय म्हणणार? मीही तेच केलं होतं. एक पोर उचलून आणली आणि ती जागा तशीच ठेवली. रिकामी जागा कुणी तरी भरणार हे कळायला मला दुसरीतली पोर लागली.

धुरपताबाई पलीकडच्या बाकावर बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत तीच म्हणाली, "कुनी तरी झोपायलाच पाहिजे ना, सिस्टर."

मी तिच्याशी बोललेच नाही. श्रीमंतकडं हात पसरला. "घरी फोन लावा. त्या पोरीला द्या म्हणा." त्यानं आईकडं बघितलं. मग आत काचेतून झोपलेल्या बायकोकडं बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा असेल कदाचित, आईला न विचारता फोन लावून माझ्या हातात दिला.

आवाज अगदी कोवळा होता. निलंग्यापलीकडची, सीमेवरची मुलगी, बोलण्यात कन्नडचा झोक. "कोन, अक्का?" तिला वाटलं असावं मी सिंधूची कुणी नातेवाईक. मी तिला सगळं सांगितलं. साप, कात, सिंधू, शिवू. घाईघाईनं, एकात एक. पलीकडं बादल्यांचा आवाज येत होता आणि कुणीतरी म्हातारा खाकरत होता.

"आज तिथं झोपू नको," मी म्हटलं. "काहीही झालं तरी."

मग आवाज आणखी खाली नेऊन, घरात कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली, "माडीवर गडी मानसं झोपत्यात, अक्का. आतल्या खोलीत मामंजी असत्यात. ओट्यावर एकटी झोपले तर गाव काय म्हनंल?"

मी काही बोलायच्या आत तिनंच विचारलं, "मग मी कुठं झोपू?"

बाहेर दिवेलागण होत आली होती. ती मुलगी पलीकडं माझ्या उत्तराची वाट बघत होती.